धोंडिराम ड्रायव्हरचं जड स्टेअरिंग

धोंडिराम बनसोडे एसटीतून निवृत्त झाले, तरी सोलापूरच्या त्यांच्या पेठेत सगळे त्यांना अजून ड्रायव्हरसाहेबच म्हणत. उंची बेताची, पण खांदे असे रुंद की तयार शर्ट कधी अंगाला बसला नाही. हे खांदे तालमीत घडलेले नव्हते. जुन्या बसगाड्यांची स्टेअरिंगं ओढून ओढून ते तसे झाले होते आणि याचा धोंडिरामांना फार अभिमान. टपरीवर एखादा नवा ड्रायव्हर भेटला, की ते त्याचा दंड दाबून बघत आणि मान हलवत.

"मऊ हायस रं. पावर स्टेअरिंगवाला दिसतोस."

अशा माणसाच्या दारात पावर स्टेअरिंगची गाडी आली ती त्यांच्या लेकीमुळं. धम्मप्रिया मोडनिंबच्या शाळेत शिक्षिका होती. रोज बसमध्ये उभ्यानं जाऊन-येऊन कंटाळली आणि ओळखीच्या एका बाईंची जुनी पांढरी गाडी तिनं घेतली. चालवायला मात्र येत नव्हती.

"शिकवाय घरात ड्रायव्हर हाय की," तिची आई शालन म्हणाली. शालनबाई सहसा चुकत नसत. या वेळी चुकल्या.

शाळेच्या कामात धम्मप्रियाला सवड नव्हती, म्हणून सुरुवातीला गाडी धोंडिरामच फिरवत. पहिल्या दिवशी ते नाक मुरडून उतरले. "हाताला काय लागतच न्हाय. ताकात रवी फिरवल्यागत वाटतंय." पण हळूहळू काय झालं कुणास ठाऊक, स्टेअरिंग जड होत गेलं. वळताना बॉनेटखालून कुईं असा आवाजही यायला लागला. दुसरा कुणी असता तर त्यानं गॅरेज गाठलं असतं. धोंडिरामांची कळी खुलली.

"आत्ता कुटं गाडी माणसात आली!"

त्याच सुमारास अंगणातल्या फरशीवर लाल ठिपके दिसू लागले. डॉक्टरांनी धोंडिरामांचं पान बंद केलं होतं. शालननं ठिपके बघितले, मग नवऱ्याचं तोंड बघितलं.

"आ करा."

"आगं, पर का?"

"करा म्हणते न्हवं!"

साठी उलटलेल्या माणसानं भर अंगणात आ केला. जीभ स्वच्छ होती, पण शालनचा विश्वास बसला नाही. त्यांनी खिसे तपासले, उशी झटकली, पानवाल्यालाही दम भरला. बिचाऱ्या धोंडिरामांनी शपथा घेतल्या, तरी रोज सकाळी नवे ठिपके हजर! शेवटी एकदा फरशी धुताना डाग पाण्यानं निघेना, तेव्हा शालननं बोट लावून बघितलं. चिकट. नाकाशी नेलं.

"आवं, हे पान न्हाय. तेल हाय. गाडी गळतीया."

धोंडिराम आरोपातून सुटले, आणि सुटल्याच्या आनंदात त्यांना गळतीचं काहीच वाटलं नाही. "डेपोत समद्या गाड्या गळायच्या. गळती म्हंजी गाडी जित्ती हाय."

सुट्ट्या लागल्या आणि शिकवणी सुरू झाली. कुमठा नाक्याच्या पलीकडं मोकळं मैदान होतं. धम्मप्रियाला क्लच जमला, गिअर जमला. वळायची वेळ आली आणि स्टेअरिंग हलेना. तिनं दोन्ही हातांनी जोर लावला. गाडी सरळ बाभळीच्या दिशेनं निघाली. धोंडिरामांनी हँडब्रेक ओढला.

"आबा, फिरतच नाही हो हे."

"फिरत न्हाय कसं? जोर लाव. भाकरी खा जरा, ते बिस्कुटं बंद कर."

रोज हेच. पोरगी घामाघूम व्हायची, आबा शेजारी बसून खांद्यांचा इतिहास सांगायचे. घरी तिनं पाण्यानं भरलेल्या बाटल्या उचलून व्यायामही करून बघितला. शेवटी एका संध्याकाळी किल्ली टेबलावर ठेवून ती म्हणाली, "राहू द्या आबा. माझ्या हातात नाही ती ताकद. मी आपली बसनंच जाईन." आणि आत निघून गेली.

धोंडिरामांना जेवण गेलं नाही. ही पोरगी कधी कशाला हटली नव्हती. शिक्षणासाठी एकटी पुण्यात राहिली, नोकरीसाठी परीक्षेला पुन्हा पुन्हा बसली. आणि हरली ती आपल्या शेजारच्या सीटवर बसून? शालननं ताट उचललं आणि त्या एवढंच म्हणाल्या, "सकाळच्याला गाडी दावून या. गुमान."

अक्कलकोट रोडला मडिवाळप्पाचं गॅरेज होतं. बोलणं निम्मं कन्नड, निम्मं मराठी. त्यानं बॉनेट उघडून एका छोट्या डबीचं झाकण काढलं.

"नोडरी, बघा साहेब, ह्यात लाल तेल पाहिजे. किती हाय?"

डबी कोरडी होती. मडिवाळप्पानं समजावून सांगितलं. इंजिनवरचा पट्टा एक पंप फिरवतो, पंप हे तेल दाबानं पाठवतो आणि ते तेलच चाकं वळवायला हात लावतं. पाइपाच्या जोडातून तेल गळून गेलं, म्हणून स्टेअरिंग दगड झालं. "पंप कोरडा फिरून वरडत होता की. तुमाला ऐकू न्हाय आलं?"

"आलं. मला वाटलं, बोलतीया."

मडिवाळप्पानं स्टेअरिंगकडं बोट दाखवलं. "आनि वळताना शेवटपर्यंत फिरवून दाबून धरता काय?"

"मग? धरायचंच असतंय!"

"अय्यो! धरू नका. पंपावर ताण येतो. जरा सैल सोडायचं. आनि डबीत तेल किती हाय, अदनंमदनं बघायचं."

पंप नशिबानं वाचला होता. पाइप बदलला, नवं तेल भरलं, स्टेअरिंग सावकाश दोन्हीकडं फिरवून पाइपातली हवा काढली. धोंडिराम गाडीत बसले आणि सवयीप्रमाणं खांद्यातून ताकद काढून स्टेअरिंग ओढलं. गाडी गर्रकन वळली आणि टायरांच्या ढिगात शिरली. वरचा एक टायर बॉनेटवर येऊन पडला.

"आता बोटानं फिरवा, साहेब," मडिवाळप्पा हसू दाबत म्हणाला. "खांदा घरी ठेवायचा."

घरी येऊन धोंडिराम लेकीच्या दारात उभे राहिले. किल्ली तिच्यापुढं धरली. मग म्हणाले, "धम्मा, तुज्या हातात खोट नव्हती. गाडीत व्हती. आनि... माज्या डोक्यात. चल."

त्या दिवशी मैदानात धम्मप्रियानं बाभळीला सहज वळसा घातला, मग उलट दिशेनं घातला, आणि हसायलाच लागली. पुढं तिनं रीतसर लायसन काढलं. आता शिकवायचं म्हणजे फक्त शेजारी बसून पाय आवळायचे, एवढंच धोंडिरामांकडं उरलं.

शाळा उघडली तेव्हा ती आबांना बरोबर घेऊन मोडनिंबला गेली. वाटेत त्यांनी पायाखालच्या रिकाम्या जागी इतके ब्रेक मारले की पोटरीत गोळा आला. शाळेच्या आवारात तिनं गाडी एका दमात भिंतीशी लावली. गाडी संध्याकाळपर्यंत तिथंच थांबणार, म्हणून धोंडिराम बसनं परत निघाले. ते ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसले आणि सोलापूर येईपर्यंत त्यांनी त्याला लेकीचं कौतुक ऐकवलं.

"कुणी शिकिवलं मग?" ड्रायव्हरनं विचारलं.

धोंडिरामांनी सवयीनं खांदे ताठ केले, मग सैल सोडले. "तिची तीच शिकली की," ते म्हणाले. "मी आपला तिच्या वाटंत आडवा बसलो व्हतो."