दक्षिणेकडची जागा

आमच्या हॉलच्या उत्तरेला एक छोटं स्टेज होतं आणि त्याच्या मागच्या भिंतीवर देवांच्या आणि थोर माणसांच्या तसबिरी. पश्चिमेला दार. पूर्वेला दोन खिडक्या. दक्षिणेला नुसती कोरी भिंत, पावसाळ्यात ओल येणारी. योग शिकवताना या चार दिशांशी माझी गाठ पडणार आहे, असं मी वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

रायपूर तेव्हा नुकतंच छत्तीसगढची राजधानी झालं होतं. यांचं ऑफिस भोपाळहून ट्रकांत भरून आलं. टेबलं आधी पोचली, पंखे कितीतरी उशिरा. चौबे कॉलोनीत आम्हाला भाड्याचं घर मिळालं. बाहेर लाल दिव्यांच्या गाड्या वाढत होत्या आणि घरमालक दर चार महिन्यांनी भाड्याबद्दल बोलायला येत होते. मी पाठदुखीपायी भोपाळला योग शिकले होते, उरलेला पुस्तकांतून. कॉलनीच्या मंडळानं सकाळी हॉल वापरायला दिला. दारावर लावायला यांनी पुठ्ठ्याची पाटी रंगवली. वर ‘योगवर्ग’ आणि खाली ‘सगळ्यांसाठी’.

लोकांनी खालची ओळ वाचली आणि आले.

पहिल्या आल्या काकू. रेल्वेच्या हिशेब खात्यातल्या माणसाच्या विधवा, गुडघे सुजलेले, जीभ मात्र अगदी निरोगी. मग गुढियारीहून स्कूटरवर एक रिटायर्ड रेल्वेवाले भाऊ यायला लागले. यार्डात पडल्यापासून त्यांचा डावा पाय गुडघ्यात वाकलेला राहिला होता. हॉल झाडणारी बाई झाडून झालं की पदर खोचून तिथेच थांबायची. तिच्याकडे हॉलची एक किल्ली असे. ती मला दीदी म्हणायची आणि प्रत्येक सूचनेला ‘हव’ म्हणायची. बाकी नव्या ऑफिसांतले क्लार्क, बँकेतल्या मुली, कुणाची बाळंतपणानंतरची पाठ, कुणाचा मधुमेह.

पहिल्याच आठवड्यात माझी पुस्तकं मिटली. ज्यांना वाकता येत नाही त्यांच्यासाठी घडीच्या खुर्च्या आल्या, ज्यांना तोल सांभाळता येत नाही त्यांच्यासाठी भिंत होतीच. ज्यांचे हात पायांपर्यंत पोचत नाहीत त्यांच्यासाठी मी गोल बाज़ारात नवार आणायला गेले. पायाला गुंडाळून धरायला ती पट्टी चांगली. दुकानदारानं विचारलं, “खाट कितनी बड़ी है, दीदी?”

“खाट नहीं है भैया, आदमी के लिए चाहिए.”

त्यानं कात्री हातातच धरून माझ्याकडे पाहिलं आणि मग काही न विचारता कापून दिली. हे ती गोष्ट ऑफिसात इतक्या वेळा सांगत की तिथल्या शिपायालाही ती पाठ झाली होती.

सगळं सुरळीत चाललं, अडलं ते शेवटच्या आसनाशी.

“शवासन?” काकू म्हणाल्या. “जित्या माणसानं काहून करावं ते? मी नाही बाई झोपत मुडद्यावानी.”

मी नाव बदललं. विसावा म्हणू या, म्हटलं. काकूंना नाव पटलं, पण झोपायचं कसं? उत्तरेला तसबिरी, तिकडे पाय करायचे नाहीत. दक्षिणेकडे पाय करून जिवंत माणूस झोपत नाही. पूर्व-पश्चिम झोपायला हॉल अरुंद. रांगा केल्या की एकाचे पाय दुसऱ्याच्या डोक्याशी. शेवटी मी सगळ्यांची डोकी मधे घेऊन गोल केला. तसबिरींच्या बाजूला मी स्वतः बसायची. पण दक्षिणेकडची फट उरली, आणि तिच्या दोन्ही बाजूंची माणसं हळूहळू सरकायला लागली. कुणालाच आपले पाय सगळ्यांत जास्त दक्षिणेला नको होते. विसाव्याच्या अखेरीला सगळे खिडक्यांशी आणि दाराशी गोळा झालेले असत.

भाऊ खुर्चीवर बसून हसायचे. त्यांचा विसावा खुर्चीतच व्हायचा. “आमच्यात हे दिशेचं नाही, काकू. पण पाय सरळ होत नाही ना. नाहीतर मीच झोपलो असतो तिथं.”

“तुमचं काय, तुमच्या खुर्चीले चाकं लावली की निघालात,” काकू म्हणायच्या.

हे ऑफिसला जायच्या आधी खुर्च्या मांडायला येत आणि मागे पेपर वाचत बसत. एके दिवशी त्यांनी पेपरची घडी केली, चष्मा खिशात ठेवला आणि त्या फटीत जाऊन आडवे झाले, पाय बरोबर दक्षिणेला.

“अहो साहेब, तिकडं नका पाय करू,” काकू दचकून उठल्याच.

“काकू, मी सरकारी माणूस. बसवलं तिथं बसतो, झोपवलं तिथं झोपतो.” मग डोळे मिटून मला म्हणाले, “झोपलो तर उठव हं.”

त्यानंतर कुणी सरकलं नाही. मधे एक माणूस बरोबर दक्षिणेला आहे म्हटल्यावर त्याच्या दोन्ही बाजूंच्यांची दिशा दक्षिण राहिली नाही, असा सगळ्यांचा मनोमन हिशेब झाला. काकूसुद्धा गुडघ्यांखाली उशी घेऊन शांत पडायला लागल्या. आणि हे रोज तिथे झोपायला लागले. फरशी गार म्हणून घरची जुनी सतरंजी आणून त्यांनी स्टेजखालच्या कपाटात ठेवली. रोज तेच वाक्य, ‘झोपलो तर उठव हं’, आणि मी ‘खांदे सैल सोडा’पर्यंत पोचायच्या आत घोरणं. बँकेतल्या मुली तोंड दाबून हसायच्या. भाऊ म्हणायचे, “साहेबांची मालगाडी सुटली.”

अशी कितीतरी वर्षं गेली. शहर वाढलं, ऑफिसं दूर नव्या शहरात गेली आणि हे रिटायर झाले. वर्गातली माणसं बदलत राहिली, काही आजारली, काही मुलांकडे निघून गेली. दक्षिणेला हे होतेच.

एका रविवारी जेवण झाल्यावर हे आतल्या खोलीत आडवे झाले. मी बाहेर वाचत बसले होते. आतून आवाज आला, “झोपलो तर उठव हं.” चहा ठेवून मी उठवायला गेले.

तेराव्यापर्यंत माणसं येत राहिली. काकूही आल्या, वॉकर घेऊन. माझा हात धरून बराच वेळ रडल्या आणि मग जवळ सरकून म्हणाल्या, “मी म्हटलं होतं ना गं त्यांले. रोजच्या रोज तिकडं पाय. नाही ऐकलं.”

त्या मायेनंच बोलल्या होत्या, हे मला तेव्हाही कळत होतं. मी शिकलेली बाई, डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलेलं मी स्वतः ऐकलं होतं. पण रात्री यांच्या रिकाम्या पलंगाकडे पाहताना पाय कुठल्या दिशेला होते ते मी ठरवत असे. वर्गातल्या तेवढ्या माणसांना निवांत पडता यावं म्हणून मी माझ्या माणसाला तिथे झोपवलं का? हा प्रश्न मला पटत नव्हता आणि सोडतही नव्हता. वर्ग मी बंद करायचं ठरवलं. सासरहून आलेली आमची मुलगी म्हणाली, “आई, चल हमारे साथ.” मी हो म्हटलं. मंडळाला किल्ली परत द्यायची आणि खुर्च्या कुणाला तरी देऊन टाकायच्या, एवढंच उरलं होतं.

त्या सकाळी मी किल्ली घेऊन गेले तर दार उघडंच होतं. बाहेर चपला होत्या आणि त्यांच्या शेजारी काकूंचा वॉकर.

आत सगळे गोल झोपले होते. भाऊ खुर्चीवर, हात मांडीवर. माझ्या जागी झाडणारी बाई बसली होती, अजूनही पदर खोचलेली, आणि माझ्याच चालीत, पण तिच्या छत्तीसगढीत, पाय आणि हात सैल सोडायला सांगत होती, “गोड़ ला ढिल्ला छोड़व... हाथ ला घलो... साँस ला आवन दव, जावन दव...”

दक्षिणेच्या जागेवर काकू होत्या. पाय बरोबर कोऱ्या भिंतीकडे. गुडघ्यांखाली उशी होती, पण अंगाखाली नुसती फरशी. तिथे उतरायला त्यांना दोघांचा तरी हात लागला असणार.

मी दारातच राहिले. बाईनं मला पाहिलं आणि तिचं सांगणं थांबलं. काकूंनी एक डोळा उघडला.

“काहून उभी आहे तिथं? चप्पल काढ न् आत ये.”

“काकू, तुम्ही तिथं...”

“मग? जागा रिकामी ठेवली तर हे सगळे पुन्हा दारात जाऊन पडून राहिले.” त्यांनी दुसराही डोळा उघडला. “चार दिवस झाले, मीच झोपून राहिली इथं. काही नाही झालं मले. तूच पाहा.”

भाऊ खाली पाहत होते.

“एवढंच की फरशी गार आहे,” काकू म्हणाल्या. “ते कसे झोपत होते गं रोज?”

मी किल्ली स्टेजवर ठेवली. कपाटातून सतरंजी काढली. तिला अजून यांच्या डोक्याच्या तेलाचा वास होता. बाई उठून आली, आम्ही दोघींनी काकूंना एका कुशीवर केलं, सतरंजी सरकवली आणि पुन्हा सरळ केलं. बाई आपल्या नेहमीच्या जागी जाऊन आडवी झाली. मी तसबिरींच्या बाजूला बसले. बाईनं श्वासापर्यंत आणून सोडलं होतं, त्याच्या पुढचं मला आठवेना. जरा वेळानं आठवलं.

“खांदे सैल सोडा,” मी म्हटलं.

काकूंनी खांदे सोडले. मग डोळे मिटूनच म्हणाल्या, “झोपले तर उठव बरं मले.”

“उठवते,” मी म्हटलं.