नावेच्या काठीवरचे डबे

नावेची वाट पाहणाऱ्या माणसाजवळ दुसरा उद्योग नसतो. बाभळीखाली बसायचं, पलीकडच्या काठाकडे पाहायचं आणि बोलायचं. एक गोष्ट दुसरीला चिकटते, दुसरी तिसरीला. तलावात गाळ साचतो ना, तशा आमच्या काठावर गोष्टी साचल्या. वरवरच्या हसण्याच्या, खालच्या वेगळ्या.

मी तेव्हा आसेगावच्या बाजूने रोज पलीकडच्या गावात बालवाडी शिकवायला जात असे. दुष्काळात ज्या गावाने या तलावाच्या बांधावर माती टाकली, त्याच गावाचा रस्ता तलाव भरल्यावर पाण्याखाली गेला! बांधावरून वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस जाई आणि पावसाळ्यात मधला नाला वाहू लागला की तेही बंद. उरली एक दामूदादांची नाव. तिथले शाळामास्तर इंगोले गुरुजी म्हणायचे, "आमीच आमच्या हातानं घराले कुलूप लावलं, अन् किल्ली दामूजवळ देल्ली!"

*

दामूदादा पलीकडच्याच गावचे, पिढीजात भोई. आधी त्यांच्याकडे मोहाच्या खोडातून कोरलेला एकच डोंगा होता. कोणी शिंकलं तरी डुलायचा! एकदा गावातले मोठे शेतकरी देशमुखकाका त्यात वासरू घेऊन बसले. काठ जवळ आला, वासराला समोर गाय दिसली आणि ते उभं राहिलं. पुढचं सांगायला नको. काका चिखलातून वर आले ते ओरडतच, "दामू, माहं वासरू बुडलं काय रे?"

वासरू केव्हाच काठावर पोचून गाईला पीत होतं!

दादांच्या बायकोला, पार्वतीवहिनींना, हसू आवरेना. त्याच म्हणाल्या, "एका बैलानं गाडी चालते काय? दुसरा जोता ना!"

दादांनी दुसरा डोंगा कोरला. दोघांत अंतर ठेवून आडवी लाकडं बांधली, वर फळ्या ठोकल्या, मधोमध काठी उभारून ताडपत्रीचं शीड लावलं. जोडनाव तयार झाली. गुरुजी फळ्यांवर पाय आपटून म्हणाले, "आता हे पडूच शकत नाही!"

"तुमच्या तोंडात साखर पडो, गुरुजी," वहिनी म्हणाल्या.

*

आखाडात, बाजाराच्या दिवशी, ती पडली.

मी नावेत होते. बाजूने वाऱ्याचा सपाटा आला, शिडाची ओली गाठ दादांच्या हातून सुटेना. एक डोंगा हळूहळू वर उचलला गेला. नाव आडवी झाली आणि तशीच थांबली. एक डोंगा पाण्यात, एक वर हवेत, फळ्या भिंतीसारख्या उभ्या. आम्ही वरच्या डोंग्याला लोंबकळत होतो, आणि खरं सांगते, हसत होतो. गुरुजींची टोपी तरंगत चालली होती. देशमुखकाकांची वांगी सगळीकडे पसरली होती. पार्वतीवहिनी फळ्यांच्या पलीकडे, काठीच्या अंगाला, पाण्यात वांगी गोळा करत होत्या.

"काका, तुमचं तं भरीत होऊन राह्यलं!" त्या म्हणाल्या.

तेवढ्यात काठीचं टोक पाण्यात गेलं, मग अख्खी काठी खाली गेली आणि नाव पालथी झाली. उभ्या फळ्या झाकणासारख्या खाली आल्या. बाकी सगळे निघालो. वहिनी निघाल्या नाहीत.

*

तेरवी झाली आणि गावाला वाटलं, दामू वेडा झाला. दिवसभर गुरांच्या हौदाशी बसायचे. पऱ्हाटीच्या काड्यांची लहानशी जोडनाव केलेली, ती बोटाने पाडायची, उचलायची, पुन्हा पाडायची. प्रत्येक वेळी ती आधी आडवी व्हायची, मग पालथी.

देशमुखकाका हौदाजवळ थांबले. "काय करून राह्यला, दामू?"

"पाडून राह्यलो."

"कायले बापा?"

"पडणं माह्या हाती नाही, काका. पालथं पडणं हाय."

एके दिवशी त्यांनी तिच्या शिडाच्या काडीच्या टोकाला ज्वारीच्या ताटाच्या आतला हलका तुकडा खोचला आणि नाव पाडली. ती आडवी झाली, काडीचं टोक पाण्यावर टेकलं आणि बुडेचना! बैल पाणी प्यायला आले तरी दादा उठले नाहीत. शेवटी बैलांनीच नावेच्या बाजूबाजूने पाणी पिऊन घेतलं.

*

खऱ्या नावेच्या काठीवर काय लावायचं? घराघरातून बायकांनी वाळके भोपळे आणून दिले. ते दादांनी काठीच्या टोकाला बांधले आणि नाव बाभळीखाली लावून ते जेवायला गेले. परत येतात तो वानरांची टोळी भोपळे सोडवून, फोडून, चव न आवडल्याने पाण्यात फेकून निघून गेलेली!

आम्हाला वाटलं, आता दादा डोक्याला हात लावतील. पण वहिनी गेल्यानंतर पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून गमतीचं काही निघालं. "वानराचं बी काय चुकलं? इतल्या उंचीवर भोपळा त्यानं कधी पाह्यला काय!"

मग ते मालेगावला गेले, तुपाचे दोन रिकामे डबे घेऊन. तिथल्या डबेवाल्याला म्हणाले, "झाकणं पक्की झाळून दे. थेंब आत जाता कामा नाही."

"अन् भरायचं काय आत?"

"काही नाही."

डबेवाल्याने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "दादा, 'काही नाही' बाहेर येऊ नये म्हणून झाळणारे तुमी पहिलेच!"

*

डबे वर चढले. आता इतकं उंच काही उभं राहिलं, की आमच्याकडे त्यावर झेंडा हवा! देशमुखकाकांच्या पोरांनी भगवा आणला. गुरुजींच्या मोहल्ल्यातल्या पोरांनी निळा. दोन्हीकडून आवाज चढले. माझ्या बालवाडीतली पोरंसुद्धा बाजू घेऊन भांडू लागली. गुरुजी आणि काका मध्ये पडले, तर त्या दोघांचंच जुंपलं!

दादा काठीला टेकून ऐकत होते. तिथूनच म्हणाले, "झेंडा बुडते. डबा नाही बुडत."

दोन्ही झेंडे मुकाट्याने घरी गेले.

*

पुढच्या पावसाळ्यात नाव पुन्हा पडली. तसाच वारा, तशीच आडवी झाली. डबे पाण्यावर आपटले आणि तिथेच राहिले. काठी बुडाली नाही, नाव पालथी झाली नाही. आम्ही वरच्या डोंग्यावर चढून ओळीने बसलो, पावसात कावळे बसतात तसे. जीव वाचले होते. पण या वेळी कोणीच हसलं नाही.

दादा मात्र डोंग्यावर येईनात. फळ्यांच्या पलीकडे, काठीच्या अंगाला, बुडी मारत होते. वर यायचे, श्वास घ्यायचे, पुन्हा खाली.

गुरुजी ओरडले, "दामू, सगळे हाओत रे वर!"

"हाव. पाह्यलं मी," दादा म्हणाले, आणि पुन्हा बुडी मारली.

*

त्यांची मुलगी शांता आई गेल्यापासून नावेत बसली नव्हती. काठापर्यंत यायची, बापाची भाकरी द्यायची आणि पाण्याकडे पाठ करून परत जायची. डबे लावले तेव्हाही पाहायला आली नाही. दादांनी तिला कधी आग्रह केला नाही. मी एकदा म्हटलं, "शांते, आता पालथी नाही होत बरं नाव."

"तुमी सांगता म्हणून बसू काय, बाई?" ती म्हणाली. रागाने नाही, अगदी साधं.

आणि तिचं लग्न जमलं ते नेमकं पाण्याच्या या, आसेगावच्या बाजूला! चांगलं घर, कष्टाळू मुलगा. पण नावेत बसायची नाही म्हटल्यावर पावसाळाभर माहेर बंद. घरात बाप एकटा. बायका तिला समजावत होत्या, "नाव नाही तं माहेर नाही, पोरी." ती मान खाली घालून हळद लावून घेत होती.

लग्न मार्गशीर्षात, मुलीच्या दारी झालं. तलाव भरलेला होता. मुलाचे वडील समजूतदार, म्हणाले, "गाडी सांगतो. बांधावरून वळसा घालून नेऊ. काहून जबरदस्ती करता?"

सगळं वऱ्हाड काठावर उभं होतं. नवरी मामीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. दादा अंगावरच्या नव्या धोतरासकट पाण्यात उतरले, रिकामी नाव कमरेइतक्या पाण्यात ओढत नेली, पलीकडच्या डोंग्याला दोर टाकला आणि सगळ्यांसमोर ती पाडली!

मुलाच्या आत्याने कपाळावर हात मारला. "अवो माय वो! लग्नाच्या दिवशी नाव पाडली! असा अपशकुन कोणी करते काय?"

नाव आडवी झाली. डबे पाण्यावर टेकले. काठी डुलत राहिली. फळ्या भिंतीसारख्या उभ्या. दादा बाजूला सरून उभे राहिले, हात जोडल्यासारखे छातीशी धरून.

शांताने रडणं थांबवलं. तिने पायातल्या नव्या चपला काढल्या, मामीच्या हातात दिल्या आणि शालू, मुंडावळ्या, हिरवा चुडा, सगळ्यासकट पाण्यात शिरली. कोणी धरायच्या आत ती नावेच्या कडेने फिरली आणि फळ्यांच्या पलीकडे, काठीच्या अंगाला, दिसेनाशी झाली.

दादा जागचे हलले नाहीत.

फळ्यांवर आतून कोणी हात फिरवत असल्याचा आवाज आला. वरून खाली, मग या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग काहीच नाही.

मग ती दुसऱ्या टोकाने बाहेर आली. केस ओले, कुंकू गालावर ओघळलेलं.

"निंगता येते, बा," ती म्हणाली.