फाटकाबाहेरच्या चपला

‘‘चपला काढ. मंग लगामाले हात लाव.’’

नवरदेवाच्या काकाने हे माझ्या मुलाला, संजूला सांगितलं. भर दुपारी. वऱ्हाडी, बँडवाले आणि आमच्याकडे शिकायला आलेले विद्यार्थी, सगळे बघत होते. संजू चाळिशीला आलेला माणूस. त्याने मुकाट्याने चपला काढल्या आणि त्यांच्या घराच्या फाटकाबाहेर भिंतीला लावून ठेवल्या.

मुलांनो, तुम्ही फोनवर विचारलंत, आजी, या सुट्टीत आम्हीही येऊन घोड्यांचं काम शिकू का? हो म्हणण्याआधी तुम्हाला हे माहीत असायला हवं. मराठी अडलं तर आईकडून वाचून घ्या. तिला हे फाटक माहीत आहे.

मेडशीच्या अलीकडे आपलं घर. मागे पागा. पांढरी घोडी मैना वरातींना जाते. आधी तुमचे आजोबा न्यायचे, आता तुमचा संजूमामा नेतो. मी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. घरात नुसतं बसवेना, म्हणून शहरातल्या एका संस्थेत घोडेपालन शिकणाऱ्या मुलांना उन्हाळ्यात ठेवून घेऊ लागले. खूर साफ करणं, खरारा करणं, घोडीला बँडच्या आवाजाची सवय लावणं, हे वर्गात बसून येत नाही. मुलं आपल्याच घरात राहतात, आपल्या चुलीवरचं खातात. काही जण पहिले काही दिवस बाटलीचंच पाणी पितात. पोट बिघडेल म्हणून, असं सांगतात. मी पुढे विचारत नाही. विचारण्याचाही कंटाळा आला आहे.

आमची जात आडनावावरून कळते. गावातल्या मोठ्या घरांची वरात असली की आमच्या माणसाने फाटकाशी चपला काढायच्या आणि मारुतीच्या देवळापर्यंत अनवाणी घोडी न्यायची, ही जुनी रीत. घोडीचा मान, असं सगळे म्हणत. नवरदेव बसला की घोडी देवाची होते, तिला धरणारा अनवाणीच पाहिजे. आजोबाही हेच सांगायचे. संध्याकाळी ते घरी आले की मी त्यांच्या तळपायांना खोबरेल लावायची. ‘‘माती तापली होती,’’ एवढंच म्हणायचे. मातीचं नाव घ्यायचे. माणसाचं कधी घेतलं नाही.

त्या दिवशी मैना ताशाला बिचकत होती. म्हणून दुसऱ्या बाजूने सईने लगाम धरला. सई आमच्याकडची विद्यार्थिनी. पायात गुडघ्यापर्यंत बूट. तिने संजूचे पाय पाहिले आणि वाकून बुटाची चेन उघडायला लागली.

काका म्हणाला, ‘‘मॅडम, आडनाव काय तुमचं?’’

तिने सांगितलं.

‘‘मंग राहू द्या बूट. पायाले चटके बसतीन.’’

मी शेजारीच उभी होते.

चटके. म्हणजे माती तापते, हे त्याला माहीत होतं. पाय भाजतात, हेही माहीत होतं. घोडी तीच. लगाम तोच. मान घोडीचा असता तर बूटही निघाले असते.

या माणसाला मी सहावीत इंग्रजी शिकवलं आहे.

मी फाटकाबाहेर गेले. चपला उचलल्या. वाकताना गुडघे बोलले. आणून संजूच्या पायांपुढे ठेवल्या.

‘‘घाल.’’

‘‘आई, जाऊ दे ना. सीझन हाय.’’

‘‘घाल म्हटलं ना.’’

काका हसत पुढे आला. ‘‘बाई, तुमी कायले मधात पडून राह्यल्या? रीत हाय ते.’’

‘‘रीत आहे तर हिचे बूट काढायला लाव.’’

‘‘थे पाव्हणी हाय.’’

‘‘आणि हा?’’

मागून कोणीतरी बोललं, ‘‘मास्तरीण झाली म्हनून काय जात बदलली का हिची?’’ दोघंतिघं हसले. बँडवाला उगाच आपली पिपाणी पुसत राहिला.

‘‘मंग घेऊन जा घोडी,’’ काका म्हणाला. ‘‘पोराले जीपमंदी नेतो आमी. पन ध्यानात ठेवजा, या भागात कोनाच्याच दारात उभी राहनार नाही तुमची घोडी.’’

संजूने चपला घातल्या. आम्ही मैनाला वळवलं.

वाटेत सई रडायला लागली. ‘‘आजी, मीही बूट काढायला हवे होते. मी परत जाऊन काढते.’’

‘‘नको,’’ म्हटलं. ‘‘तू काढलेस तर ती हौस. त्याने काढल्या तर हुकूम.’’

मग तिचीच समजूत घालत घरापर्यंत आले. अशा मुलांना वाईट वाटलं, तर त्यांचे डोळेही आपणच पुसायचे.

काका बोलला तसंच झालं. ठरलेल्या वराती एकेक करून हातच्या गेल्या. संजू माझ्याशी नीट बोलत नाही. रोज मैनाला खरारा करतो आणि पुन्हा बांधतो. संस्थेतल्या सरांचा फोन आला. ‘‘मॅडम, मुलं घोडा शिकायला येतात. गावच्या भानगडीत त्यांना कशाला ओढता?’’ मी म्हटलं, घोडा कोणाच्या हातात असतो आणि त्या हाताखालचे पाय कसे असतात, हे इथे पहिल्या दिवशी शिकवलं जाईल. चालत असेल तर मुलं पाठवा. त्यांनी अजून कळवलेलं नाही. मीही वाट पाहत नाही. दमले आहे. पण हे दमणं वेगळं, माघार वेगळी.

तर तुम्ही या. बूट घेऊन या. पागा झाडा, खूर धुवा, पडा, पुन्हा बसा. कोणी आडनाव विचारलं तर पूर्ण सांगा, आवाज न उतरवता.

आणि एवढं लक्षात ठेवा. मैना त्या फाटकातून पुन्हा गेलीच, तर चपला घातलेल्या संजूच्या हाताने जाईल. नाहीतर पागेत म्हातारी होईल. पण आपल्या घरातल्या कोणाच्याही चपला आता त्या भिंतीला लागणार नाहीत.