निलू गच्चीवर जाऊन येते

निलूला मी पहिल्यांदा पाहिलं ते जिन्यात, पळताना. गंगापूर रोडवरच्या एका इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर एफएम रेडिओचं ऑफिस आहे. फोनवरच्या स्पर्धेत मला कॅसरोलचा सेट लागला होता, तो घ्यायला मी गेले होते. थंडीचे दिवस, लिफ्ट बंद. मी धापा टाकत चढतेय, तेवढ्यात एक सडपातळ मुलगी, अंगात स्वेटर, पायात काही नाही, मला ओलांडून धाडधाड वर गेली आणि मी कठड्याला टेकून जरा दम खातेय तोवर तशीच खाली आली. मला वाटलं, गच्चीवर वाळत घातलेलं काही उडालं असावं. रिसेप्शनवरच्या मुलाला विचारलं, तर तो मान वर न करता म्हणाला, ‘आमची आरजे आहे. गाणं लागलं की गच्चीवर जाऊन येते.’

माझं पंचवटीत साड्यांना फॉल-पिको करायचं छोटं दुकान आहे. सकाळी मशीन आणि रेडिओ एकदमच सुरू होतात. त्यात मला लहानपणापासून एक खोड आहे. आवाज ऐकला की तो कुठून येतो ते बघितल्याशिवाय चैन पडत नाही. शाळेतून आम्हाला एकदा सरकारी रेडिओ केंद्र दाखवायला नेलं होतं. चपला बाहेर, तोंडावर बोट, आणि काचेपलीकडे एक टक्कल पडलेले गृहस्थ बातम्या वाचत होते. वाचता वाचता त्यांना जांभई आली. ती त्यांनी अशी गिळली की बाहेरच्या स्पीकरवर तिचा पत्ताही लागला नाही. बातम्या काय होत्या कोण जाणे, ती जांभई मात्र मला अजून दिसते. आपण ऐकतो त्याच्यामागे काहीतरी वेगळंच चाललेलं असतं, हे तेव्हा डोक्यात बसलं ते बसलंच.

तर कॅसरोल मिळाला, सही झाली, तरी मी काही हलेना. आत बघू द्या म्हटलं. तो मुलगा म्हणे, बाहेरच्यांना परवानगी नाही. आमची ही हुज्जत चालू असताना निलू पाण्याची बाटली भरायला बाहेर आली. तिनं माझ्याकडे बघितलं, कॅसरोलकडे बघितलं, आणि म्हणाली, ‘या मावशी. फक्त बांगड्या वाजवू नका.’

आत काय थाट असेल असं मला वाटलं होतं! प्रत्यक्षात आमच्या दुकानाएवढी खोली. खिडकी नाही, भिंतींना करडा फोम, दोन स्क्रीन, एक माइक आणि वरखाली करायच्या पट्ट्यांचं यंत्र. एक पट्टी वर केली की माइक चालू आणि दारावरचा लाल दिवा लागतो. मला सगळ्यात नवल वाटलं ते हे, की बाई गाणी ऐकतच नव्हती. गाणं सुरू झालं की स्पीकर बारीक करायची, श्रोत्यांचे मेसेज वाचायची, गरम पाणी प्यायची, आणि मग पळत गच्चीवर. परत येऊन उभ्यानंच बोलायची. बसून बोललं की आवाज पोटात अडकतो, असं तिचं म्हणणं. हातवारे तर असे, जणू समोर माणूस बसलाय. आणि नको तेच झालं. लाल दिवा लागलेला असताना माझा हात टेबलाला लागला आणि बांगड्या खळकन वाजल्या. ती माइकमध्ये हसत म्हणाली, ‘ऐकलंत? पंचवटीच्या मावशी आल्यात आज आपल्याकडे.’ आमच्या गल्लीत मी दोन दिवस मिरवत होते.

मी तिला विचारलंच, गच्चीवर काय ठेवलंयस? ती म्हणाली, ‘नाशिक.’ खोलीला खिडकी नाही, मग धुकं आहे की ऊन, सिग्नलला गाड्या तुंबल्यात की रस्ता मोकळा, हे कळणार कसं? मोबाइलवर दिसतं की सगळं, मी म्हटलं. त्यावर तिनं जे सांगितलं ते तिच्या तोंडून पुढे कितीदा तरी ऐकलं. ‘मावशी, बघितलं असेल तर बोलायचं. नसेल बघितलं तर गाणं लावायचं.’

ही शिस्त तिच्या वडिलांची. घर चांदवडचं, शेती कांद्याची. दादा, म्हणजे तिचे वडील, जुना रेडिओ ओसरीतल्या एका खिळ्याला टांगायचे, कारण स्टेशन तेवढ्याच जागी लागायचं आणि तेही खरखरत. इकडे कांदा वाळत पडलेला, वर ढग, आणि रेडिओवरचा माणूस म्हणतोय आकाश निरभ्र. दादा रेडिओवरच ओरडायचे, ‘उठून बघायला काय झालं ह्याला?’ पुढे लेकच रेडिओत गेली तेव्हा त्यांनी आशीर्वाद वगैरे काही दिला नाही. एवढंच म्हणाले, ‘तू उठत जा.’ ती माइकवर गोड शहरी मराठी बोलायची आणि पट्टी खाली केली की लगेच चांदवडवर यायची, ‘आज लय गारठा हाय, मावशी, बोटं वाकंनात.’ दादा रोज सकाळी खिळ्याखाली उभं राहून तिचा कार्यक्रम ऐकतात, हे तिला ठाऊक होतं. मला तर वाटतं, ती पळायची ती त्यांच्याच धाकानं.

तिचे ब्लाउज मी शिवायला लागले आणि जाणं-येणं वाढलं. ऑफिसात मुंबईहून नवे साहेब आले होते. त्यांचं म्हणणं, रोज सकाळी इथं येऊन बोलायची गरज काय? गाण्यांच्या मधलं बोलणं आदल्या दिवशी एकदम रेकॉर्ड करून ठेवावं, कॉम्प्युटर आपोआप लावत जाईल. बाकीच्यांनी मान्य केलं. निलू अडून बसली होती. उद्याचं ऊन मी आज कसं सांगू, म्हणायची.

मग मार्चमध्ये दादांना नाशिकच्या दवाखान्यात आणलं. ऑपरेशन सकाळचं ठरलं. आदल्या संध्याकाळी निलूनं पहिल्यांदाच दुसऱ्या दिवसाचं सगळं बोलणं रेकॉर्ड केलं. साहेब खूश. ती लिफ्टमधून उतरताना मला फोनवर म्हणाली की गच्चीवर न जाताच ‘आत्ता वर जाऊन आले, मस्त ऊन आहे’ असं हसत बोलून टाकलंय, कारण लोकांना ते ऐकायची सवय आहे, आणि मार्चमध्ये ऊनच असणार. मीही म्हटलं, असू दे गं, एक दिवस.

दादा ऑपरेशनपर्यंत पोचलेच नाहीत. पहाटेच गेले. त्यांना चांदवडला नेलं. मागून मी आणि तिच्या ऑफिसातली एक मुलगी रिक्षावाल्या शेजाऱ्याच्या गाडीतून गेलो. पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती, अवकाळीचे ढग अगदी खाली आले होते, कांद्यावर ताडपत्री ओढायची गडबडही मधेच चाललेली. ओसरीत दादांना ठेवलं होतं आणि निलू त्यांच्या पायाशी बसली होती. शेजारच्या कोणीतरी आत-बाहेर करताना रोजच्या हातसवयीनं खिळ्यावरचा रेडिओ सुरू केला असावा. गाणं संपलं आणि निलूचा आवाज आला. खळखळून हसणारा. ‘आत्ता गच्चीवर जाऊन आले, आणि काय सांगू, मस्त ऊन पडलंय!’

ताडपत्री ओढणारेही थांबले. एक पोरगा बंद करायला धावला, तर निलूची आई भिंतीशी बसूनच म्हणाली, ‘राहू दे. त्यांचा ऐकायचा टाइम हाय.’ मग कोणी हात लावला नाही. निलू मात्र त्या रेडिओकडे अशी बघत होती, जणू त्यात कोणी परकी बाई बसली आहे.

दिवसकार्य झालं आणि ती कामावर आली. साहेबांनी सांत्वन केलं, आणि लगेच म्हणाले, बघ, तुझा रेकॉर्ड केलेला कार्यक्रम छान गेला, एकाही श्रोत्याला फरक कळला नाही. आता आठवड्यातून एका दुपारी सगळा आठवडा करून टाक. नाहीतर या महिन्याच्या शेवटी तुझं काम थांबवू. ती माझ्या दुकानात येऊन मशीनपुढच्या स्टुलावर बसली. रडेल असं वाटलं होतं, ती चिडलेली होती. ‘कोणाला कळलं नाय मावशी, हेच मला लय लागलं.’ मी तिला सांगितलं, पगार आहे, नाव आहे, एवढं ताणू नकोस. रेडिओ लावला की ती नसेल, ही कल्पनाच मला सोसवत नव्हती, खरं कारण ते होतं. तिनं ऐकून घेतलं आणि महिनाअखेरीस थांबते असं कळवून टाकलं.

शेवटच्या दिवशी तिनं मला बोलावलं. या वेळी गाणं लागल्यावर माझा हात धरून तीच मला गच्चीवर घेऊन गेली. पळवलंच म्हणा ना, गुडघे नुसते बोंबलत होते. आम्ही दोघींनी चारी बाजूंनी बघितलं आणि खाली आलो. तिनं पट्टी वर केली, लाल दिवा लागला, ‘नमस्कार नाशिक’ म्हणाली, आणि पुढे आवाजच फुटेना. एवढी बोलकी मुलगी, माइकपुढे नुसती उभी. मग तिनं माइक माझ्याकडे वळवला आणि हलकेच म्हणाली, ‘बघितलंत ना मावशी? मग सांगा.’

मी काय सांगणार? जे दिसलं ते सांगितलं. ढग आहेत. पण पलीकडच्या गच्चीवर एका बाईनं कुरडया वाळत घातल्यात, म्हणजे पाऊस येणार नाही असं तिचं मत दिसतंय. निलू हसली, डोळे पुसले आणि गाणं लावलं. तिचं रेडिओवरचं शेवटचं काही असेल तर ते हसू.

आता ती आईजवळ चांदवडला राहते, लग्नात आणि समारंभात सूत्रसंचालन करते. तिच्या जागेवर आता कोणीतरी बोलतं, गोड बोलतं, कुठून ते मला माहीत नाही. बघायला जावंसंही वाटत नाही, माझ्यासारखीला! पण सकाळी दुकान उघडायच्या आधी निलूचा फोन येतो. तब्येत नंतर, आधी एकच प्रश्न, ‘मावशी, बाहेर काय दिसतंय?’ गेल्या आठवड्यात मला कणकण होती. पांघरुणातूनच म्हटलं, ऊन आहे छान. ती म्हणाली, ‘उठा, मावशी.’

उठले. दार उघडलं. आभाळ भरून आलं होतं.