टेकडीवरचं रेशन आणि आप्पांचा तारांकित प्रश्न

“ताई, साहेब आलते पाड्यावं. आमी एकदम झकास सांगलं!”

फोन काळूरामचा, पाड्यामागच्या टेकडीवरून. मी दिल्लीत, आप्पांच्या सरकारी बंगलीतल्या ऑफिसात. बाहेर थंडी, आत हीटर बिघडलेला, टेबलावर प्रश्नांच्या फायली.

“काय सांगितलंत?”

“इचारलं त्यांनी, कोन धान्याबिगर हाय का? आमी सांगलं, नाय. आमचे पाड्यात कोन उपाशी नाय.”

मी कपाळावर हात मारला. “अरे काळूराम, काय करून बसलात हे!”

“का गो ताई? चुकलं का?”

चुकलं का म्हणे! माझं तोंड आधीच फटकळ. त्या दिवशी मी त्याला फोनवर जे काही बोलले ते इथे लिहीत नाही. तो बिचारा ऐकून घेत राहिला. शेवटी रेंजच गेली.

मी मुरबाडजवळच्या धसईची. आप्पा आमच्याकडचे खासदार, विरोधी पक्षाचे. मी त्यांची पीए. पीए म्हणजे टाइपिंग, तिकिटं, पाहुण्यांचा चहा आणि आप्पांच्या बीपीच्या गोळ्या. पण माझं आवडतं काम म्हणजे प्रश्न तयार करणं. विरोधी खासदाराच्या हातात निधी कमी, अधिकारी फोन उचलत नाहीत. प्रश्न विचारायला मात्र त्याला कोणी अडवू शकत नाही.

प्रश्न दोन जातीचे. अतारांकित, त्याला लेखी उत्तर येतं आणि बहुतेक वेळा ते फायलीतच झोपतं. आणि तारांकित, ज्याच्या डोक्यावर चांदणी असते. त्याला मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं. ते झालं की खासदाराला पूरक प्रश्न विचारता येतो. पूरक प्रश्न आधी लिहून द्यावा लागत नाही. सगळी गंमत तिथे. पण तारांकित प्रश्नांची सोडत निघते, आणि सोडतीत नंबर लागणं म्हणजे नशीब. आमचा लागला होता. आप्पांनी त्या दिवशी अख्ख्या ऑफिसला जिलेबी खिलवली.

प्रश्न कशाचा, तर काळूरामच्या पाड्याचा. उंबरमाळीच्या वर डोंगरात तो पाडा. तिथे मोबाइलला रेंज नाही. रेशनचं मशीन मात्र नेटवर चालतं. कार्ड टाकायचं, अंगठा लावायचा, मशीनने दिल्लीला विचारायचं की हा अंगठा खरा का, आणि दिल्लीने हो म्हटलं की मग तांदूळ. रेंज नाही तर हो नाही. मग दुकानदाराने तोड काढली. पाड्यामागच्या टेकडीवर दोन दांड्या रेंज येते. तो मशीन घेऊन टेकडीवर बसायचा. अख्खा पाडा चढून जायचा, अंगठा लावायचा, उतरून तांदूळ घ्यायचा.

पाड्यात बुधीआजी नावाची म्हातारी. एकटी. कार्डावर एकटीचंच नाव. तिला काळूराम पाठीवर घेऊन चढायचा. पावसाळ्यात शेवाळावर त्याचा पाय घसरला, दोघंही पडली. आजीचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ती टेकडीवर गेली नाही. अंगठा नाही, म्हणून धान्य नाही. आणि फार दिवस अंगठा लागला नाही तर कार्डच बंद पडणार होतं. बंद पडलेलं कार्ड परत उघडायचं म्हणजे शहापूरला हेलपाटे. म्हातारीला कोण नेणार?

आता एका पाड्याचा प्रश्न लोकसभेत विचारता येत नाही. सचिवालय परत पाठवतं, ही बाब स्थानिक आहे म्हणून. तो देशाचा करून विचारावा लागतो. मी तसाच बसवला होता. डोंगराळ भागात नेटअभावी लाभार्थी धान्यापासून वंचित राहतात हे सरकारला माहीत आहे काय, असल्यास धोरण काय, नसल्यास कारणे काय. मला त्या ड्राफ्टचा भारी अभिमान होता.

पण प्रश्न लागला की दिल्ली राज्याला विचारते, राज्य जिल्ह्याला, जिल्हा तालुक्याला. तालुक्याचा माणूस जीपने पाड्याच्या पायथ्याशी येतो आणि लोकांना विचारतो. आणि आमच्या लोकांनी छाती काढून सांगितलं होतं, कोणी उपाशी नाही! मंत्र्याला आयतं उत्तर मिळालं.

आप्पा सभागृहातून आले तेव्हा मी तणतणतच होते. त्यांनी कोट काढला, ऐकून घेतलं आणि पोट धरून हसले.

“हसताय काय आप्पा? सगळं मुसळ केरात!”

“सुमनबाई, शनिवारचं तिकीट काढा. पाड्यावर जाऊन येऊ.”

“आता जाऊन काय उपयोग?”

“बैल न बघता कोणी सौदा करतं का?”

आप्पा तरुणपणी बैलांचा व्यापार करत. म्हसा गावच्या जत्रेत त्यांचं नाव होतं. त्यामुळे देशाच्या धोरणातही त्यांना बैलच दिसायचे. अर्थसंकल्पावर बोलतानासुद्धा ते एकदा दात बघण्यापर्यंत गेले होते. मी बाहेरून शिपायाच्या हाती चिठ्ठी पाठवून थांबवलं.

पाड्यावर गेलो. काळूराम माझ्यापासून चार हात लांबच उभा. मी परत सुरू केलं, “तुम्हाला कळत कसं नाही रे? खरं सांगायला काय झालं होतं?”

आता मात्र तो तापला. “खरंच सांगलं, ताई. म्हातारीला रोज एकेक घर भाकर देतो. आमी काय तिला उपाशी ठेवू? परक्या मानसाला सांगाचं, की आमचे पाड्यात म्हातारी उपाशी हाय? तोंड काळं करून घ्याचं का आमी?”

माझ्या ड्राफ्टमध्ये हे कुठे होतं? वंचित, लाभार्थी, असल्यास-नसल्यास, सगळं होतं. पाड्याची अब्रू नव्हती.

आप्पा मात्र तिकडे बुधीआजीच्या ओट्यावर मांडी घालून बसले होते. एवढीशी म्हातारी, डोळे मात्र लकलकीत.

“आजी, टेकडीवर जायची ना तू?”

“जायाची तर.”

“त्रास व्हायचा?”

“काळूला व्हायाचा. मना काय? मी पाठीवं बसलेली.”

सगळे हसले. काळूराम म्हणाला, “म्हातारी लय शहानी, आप्पा. वर गेल्यावं आपला नंबर समद्यांना द्याची. म्हनायाची, मी शेवटाला. पोरीबाळी आधी. समद्यांचं झालं की मंग ही अंगठा लावाची.”

“मन मोठं आहे तुझं,” मी म्हणाले. आजी नुसती टेकडीकडे बघत बसली.

परतीच्या गाडीत मी कागद काढला. “आप्पा, पूरक प्रश्न लिहून देते. चार भाग करू. आकडे मागू.”

“नको. आकडे त्यांच्याकडे आपल्यापेक्षा जास्त असतात.” त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि माझ्या हातावर टाकला. बैलबाजारात भाव तोंडाने सांगत नाहीत. रुमालाखाली बोटं धरून सांगतात. उभ्या राहिलेल्या गर्दीला कळत नाही, फक्त समोरच्याला कळतं. “पूरक प्रश्न असा धरायचा. हात सोडवता आला नाही पाहिजे.”

मला तेव्हा राग आला होता. आज तो रुमाल आठवला की वाटतं, काय माणूस होता!

प्रश्नाचा दिवस आला. मी प्रेक्षकांच्या गॅलरीत. तिथे फोन नाही, कागद नाही, पायावर पाय टाकून बसलं तरी शिपाई येऊन खाली करायला लावतो. आमच्या आधीचा प्रश्न च्युइंगमसारखा ताणत चालला होता. बाराला प्रश्नोत्तराचा तास संपतो. तोपर्यंत नंबर आला नाही तर तारांकितसुद्धा लेखी उत्तराच्या ढिगात. मी मनातल्या मनात त्या सगळ्या वक्त्यांना शिव्या घातल्या.

शेवटी अध्यक्षांनी आप्पांचं नाव पुकारलं. मंत्री उठले. उत्तर अपेक्षेप्रमाणेच. यंत्रणा सुरळीत आहे, डोंगराळ भागातही अंगठे यशस्वी लागत आहेत, माननीय सदस्यांच्या भागातून आलेल्या अहवालानुसार कोणीही उपाशी नाही. समोरच्या बाजूने बाकं वाजली.

आप्पा उभे राहिले. त्यांची हिंदी म्हणजे मुरबाडच्या मराठीला शेवटी ‘है’ लावलेली. मी मराठीतच सांगते.

“अध्यक्ष महोदय, मंत्र्यांचा अहवाल खरा आहे. माझ्याकडे कोणी उपाशी नाही.”

बाकं परत वाजली. मी जागेवरून अर्धी उठलेच. आप्पा, अहो काय करताय!

“कारण शेजारी उपाशी ठेवत नाहीत. आमच्याकडे एक म्हातारी आहे. मशीनला रेंज टेकडीवर आहे, म्हातारीचं हाड मोडलंय. तिला पाडा जेवू घालतो. पाड्याने आपलं काम केलं. माझा प्रश्न एवढाच, सरकार आपलं कधी करणार? जो टेकडी चढू शकत नाही, त्याच्या वाट्याचं धान्य त्याच्या दारात देणार का? हो की नाही?”

बाकं वाजायची थांबली. मंत्र्यांनी फाइल उलटली. मागच्या अधिकाऱ्यांकडून चिठ्ठी आली. ती त्यांनी वाचली, खाली ठेवली. हो म्हणावं तर देशभर करावं लागणार, नाही म्हणावं तर म्हातारीला नाही म्हटल्यासारखं.

“मी माहिती घेऊन सभागृहासमोर ठेवीन. आणि कोणाचंही कार्ड या कारणाने बंद होणार नाही, हे पाहीन.”

“आभारी आहे,” म्हणून आप्पा बसले. अजून एक पूरक प्रश्न हक्काचा होता. विचारलाच नाही!

बाहेर आल्यावर मी भांडले. “हो म्हटलं नाही त्यांनी! तुम्ही बसलात कसे?”

“पाहीन म्हणाले ना? बास.”

त्याचा अर्थ मला नंतर नीट कळला. मंत्री सभागृहात ‘पाहीन’, ‘करीन’ असं म्हणाला की ते आश्वासन धरलं जातं. त्याची नोंद होते, एक समिती त्याचा पाठपुरावा करते, आणि ते पुरं होईपर्यंत खात्याच्या मागची पीडा जात नाही. उत्तर मिळालं की प्रश्न संपतो. आश्वासन मिळालं की काम सुरू होतं. ते काम अर्थात माझ्या डोक्यावर. पुढे कित्येक महिने मी त्या खात्याला इतक्या वेळा फोन केले, की तिकडचा माणूस माझा आवाज ऐकताच म्हणायचा, “बोलिए, टेकडीवाली मॅडम.”

पण झालं. दुकानदाराने पाड्यातच यायचं, वहीत सही-अंगठा घेऊन धान्य द्यायचं, आणि वर जाऊन मशीनचं काय ते त्याचं त्याने बघायचं, असा हुकूम आला. आमच्या पाड्यापुरता नाही, तसल्या सगळ्या पाड्यांना. बुधीआजीचं कार्ड बंद पडलं नाही. वर्तमानपत्रात एक ओळ आली नाही. मी मात्र त्या रात्री ऑफिसात एकटीच जिलेबी खाल्ली.

पुढची निवडणूक आप्पा हरले. दिल्लीचं बिऱ्हाड मी एका टेंपोत भरून आणलं. आप्पा मुरबाडला, मी धसईला. एक दिवस फोन आला, “सुमनबाई, उद्या चला. पाड्यावर.”

“आता कशाला? आपण माजी.”

“उत्तर बरोबर आलं का, ते बघून येऊ.”

आजी ओट्यावरच होती. थकली होती. आप्पांनी विचारलं, “धान्य मिळतं ना दारात?”

“मिलतं.”

“मग तोंड का पाडलंय?”

आजीने टेकडीकडे हात केला. “तिथून माझा माहेर दिसायाचा. दरीच्या पल्याड. भाऊ मेला, तवापासून कोन नेलं नाय मना तिथं. म्हयन्यातून येकदा टेकडीवं बसून बघायाची. आता धान्य खाली येतो. मना वर कोन नेल?”

मी आप्पांकडे बघितलं, आप्पांनी माझ्याकडे. काळूरामने मान खाली घातली. नंबर सगळ्यांना द्यायची, ते मोठं मन वगैरे आम्हीच ठरवलं होतं. तिला वर जास्त वेळ बसायचं होतं, एवढंच! संसदेत देशाचं धोरण हलवून आले, पण त्या बाईला ओट्यावर बसून एक साधा प्रश्न मी विचारला नव्हता. तुला काय पाहिजे?

आप्पा उठले. “याला मंत्रालय नाही, सुमनबाई. हे आपणच.”

शाळेतली खुर्ची आणली. दोन बांबू बांधले. काळूराम, त्याचे भाऊ आणि एका बाजूला, नको नको म्हणत असताना, माजी खासदार. वाळलेल्या वाटेने आजीला वर नेलं. मागून मी, धापा टाकत.

वर कोणी नव्हतं. मशीन नव्हतं, रांग नव्हती. पलीकडच्या उतारावर चारदोन कौलं आणि धुराची एक रेघ. आजी बघत बसली. आप्पा दगडावर बसून घाम पुसत होते, त्याच रुमालाने. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलंही नाही.

उन्हं कलायला लागली. काळूराम खुर्चीशी वाकला. “चल गो आजी. उतरू आता.”

आजीने मान वळवलीसुद्धा नाही.

“तुमी व्हा पुढं,” ती म्हणाली. “मी शेवटाला.”