आमचं, तुमचं आणि मुंगूस

पहिल्याच भेटीत सुमय्यानं माझ्या घरातल्या निम्म्या वस्तूंवर हक्क सांगितला. वरच्या मजल्यावरच्या खोल्या भाड्यानं बघायला ती नवऱ्याबरोबर आली होती. मी रीतीप्रमाणे म्हटलं, "खुर्ची घ्या, बसा." तर ही बसायची सोडून खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी, आणि माहेरचं कुणी भेटावं तसा चेहरा खुललेला. "खुर्ची! आमचं!" मग देवापुढचं तबक दिसलं. "हे काय?" "तबक." "तबक! आमचं!" मागच्या अंगणातला हौदही तिचाच निघाला. तिला तेव्हा मराठीचे चारदोनच शब्द येत होते, त्यांतले तीन म्हणजे 'हे काय' आणि 'आमचं'. पुल्लिंग, स्त्रीलिंग असला भेदभाव न करता ती सगळ्याला 'आमचं' म्हणायची. शेवटी तिचा नवरा जमाल हसत हसत मदतीला आला. हे सगळे शब्द मूळचे अरबी, एवढंच तिला म्हणायचं आहे, असा त्यानं खुलासा केला. 'खुलासा'ही त्यांचाच, हे मला पुढे कळलं.

ही मंडळी येमेनची. जमाल इथल्या विद्यापीठात संशोधन करायला आलेला. आमच्या छत्रपती संभाजीनगरात परदेशी विद्यार्थी काही नवलाचे नाहीत, पण ते राहतात गावात. बायको आणि रीम नावाची चिमुरडी मुलगी घेऊन पार पडेगावला, दौलताबाद रस्त्याच्या कडेला कुणी येत नाही. आमच्या ह्यांनी जरा आढेवेढे घेतले. मी मात्र त्याच दिवशी हो म्हणून टाकलं, कारण मी जात्याच चौकस. त्यात आयुष्य शाळेत मराठी शिकवण्यात गेलेलं. घरबसल्या अशी बाई चालून आलेली मी सोडते होय!

पण चौकसपणात ती मला पुरून उरली. पाणी आल्याबरोबर गल्लीभर धावपळ का? रांगोळी तुडवलीच जाणार, तर काढता का? आणि 'जेवलीस का?' असं सगळे विचारतात, मग जेवायला का वाढत नाहीत? हा शेवटचा प्रश्न तिला अनुभवातून पडला होता. पहिल्या आठवड्यात मी जिन्यात तिला सहज विचारलं, "जेवलीस का?" तिनं खरं तेच उत्तर दिलं, "नाय," आणि माझ्यामागून घरात येऊन पाटावर बसली. मी निमूट भाकरी थापायला घेतली. ती भाकरी तिला इतकी आवडली, की पुढे कितीतरी दिवस मी विचारायची वाट बघत ती जिन्यात रेंगाळायची.

शिकवण्याची हौस मला, पण तिची खरी गुरू झाली गयाबाई. गयाबाई माहेरची फुलंब्रीकडची, पडेगावात दिलेली, रोज सकाळी भाजीचा हातगाडा घेऊन गल्लीत येते. मी सुमय्याला 'मला भेंडी हवी आहे' हे वाक्य घोटून घोटून शिकवलं. दुसऱ्या दिवशी गॅलरीतून आवाज ऐकू आला, "गयाबाई, भेंडी लई जून हाय, म्या नाय घेत!" माझी शुद्ध मराठी तिथंच वाहून गेली. गयाबाई मात्र कौतुकानं सांगत सुटली, "लेक लई हुशार हाय. आपल्यावानीच बोलायली."

एकदा मी तिला 'फक्त' शब्द शिकवत होते. तोंडातून शब्द निघतो न निघतो तोच आलं, "आमचं!" त्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं. खुर्ची न्या, हौद न्या, पण 'फक्त'? मी म्हटलं, "अगं, सारखं आमचं आमचं काय करतेस? 'आमचं' म्हणजे तुझं आणि तुझ्या माणसांचं, माझं नाही. तुझं आणि माझं मिळून जे असतं, त्याला 'आपलं' म्हणायचं." ती विचारात पडली. त्यांच्या बोलीत दोन्हींना एकच शब्द, 'हक्कना'. म्हणजे हक्कसुद्धा तिकडूनच आलेला. बोटावर ओढणीचं टोक गुंडाळत ती म्हणाली, "काकू, एवढा बारीक फरक कशाला पायजेल? ज्याचं हाय त्याचं हाय." 'आपलं' तिच्या तोंडी काही बसलं नाही.

आमच्या घरामागे मोकळा प्लॉट आहे, रानगवत माजलेला. एका सकाळी तिकडून तिची किंकाळी आली. "काकू! लई मोठा उंदीर!" गयाबाई गाडा टाकून धावली. "उंदीर नाय गं, मुंगूस हाय ते! तोंड दिसलं का त्याचं? दिसलं ना? मग आज चांगलंच व्हतंय बघ." आमचे हे वर्तमानपत्रातून डोकं काढून म्हणाले, "इंग्रजांनीसुद्धा हा शब्द आपल्याकडूनच उचलला. मंगूस म्हणतात." मला काय आनंद झाला! इतक्या दिवसांत पहिल्यांदा आमच्या घरातून काहीतरी बाहेर गेलेलं निघालं. मी तिच्याच सुरात म्हटलं, "मुंगूस! आमचं!" ती टाळ्या पिटत हसली. त्यानंतर गवतात जरा हालचाल दिसली, की ती वरून हाक मारायची, "काकू, तुमचं आलं!" आणि आम्ही दोघी आपापल्या जागेवरून त्याचं तोंड दिसायची वाट बघायचो.

मग तो दिवस उजाडला. मी स्वयंपाकघरात होते, आणि गल्लीतून गयाबाईचा हंबरडा ऐकू आला. बाहेर जाते तो चारपाच बायका जमलेल्या, गयाबाई गाड्याचा दांडा धरून रडतेय, "चांगला हिंडता फिरता होता गं माणूस!" आणि मधोमध सुमय्या, गोंधळलेली, हातात कोथिंबिरीची जुडी. गयाबाईनं तिला सहज विचारलं होतं, आज मालक कुठं दिसंनात? आणि ही म्हणाली होती, "जमाल खलास." वर आनंदानं पुस्तीही जोडली होती, "आज सकाळीच खलास. अल्लाची मेहेरबानी!" गयाबाईला वाटलं, धक्क्यानं पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. कुणी तिला धरून बसवत होतं, कुणी पाणी आणत होतं. एवढ्यात कोपऱ्यावरून जमालची स्कूटर आली. पुढे रीम उभी आणि तिच्या हातात पेढ्यांचा खोका. त्याची शेवटची तोंडी परीक्षा झाली होती, संशोधन पुरं झालं होतं. त्यांच्यात संपलं म्हणजे खलास. गयाबाईनं डोळे पुसत पुसत पेढा घेतला आणि म्हणाली, "मेल्या, जित्ता हायेस व्हय!"

त्या दिवशी आम्ही पोट धरधरून हसलो. पण हसून झाल्यावर वर जाताना सुमय्या जिन्यातच थांबली. "काकू, शिक्षण खलास म्हंजी इथलं ऱ्हाणं बी खलास." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांना राहायची परवानगी होती ती जमालच्या शिक्षणापुरती. पुढे आमचे हे त्याच्याबरोबर चौकशीला हिंडले, थोडी मुदतवाढही मिळाली. लोक चांगले भेटले, पण नियम तो नियम. येमेनात लढाई, तिथं मुलीला घेऊन परतायची सोय नाही. जमालचा भाऊ कॅनडात होता, त्यानं तिकडं बोलावून घ्यायचा खटाटोप सुरू केला. आता कुठं रीम शाळेतून मराठी कविता म्हणत घरी यायला लागली होती.

सुमय्याला जायचं नव्हतं. ती रडायची नाही, पण गप्प झाली, आणि तिचं गप्प होणं मला सोसेना. एका दुपारी मी शेंगा निवडत होते. ती शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "मुक्काम आमचा शब्द हाय. आमच्यात मुकाम म्हंजी माणूस ऱ्हातो ती जागा. तुमच्यात आला आन् एका रातीचा झाला." मी म्हटलं, "पत्त्यात लिहितो की आम्ही, मुक्काम पोस्ट अमुक." "मग मला सांग, एका रातीचा असंल तर पत्त्यात कशाला लिवता?" मग खाली बघत ती म्हणाली, "काकू, म्या लई दमून हितवर आले. आता तिकडं परत पयल्यापासून 'हे काय, हे काय' म्हणायचं. मला नाय व्हायचं." मी तिचा हात धरला.

कॅनडाला निघायच्या दिवशी खोल्या रिकाम्या करून तिनं कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. सगळ्या घाईत, गाडी दारात उभी असताना, कुलपावर टिचकी मारून मला म्हणाली, "हे बी आमचं हाय, तुला सांगायचं ऱ्हायलं. आमच्यात कुफल. इथवर येस्तोवर अक्षरं इकडची तिकडं झाली." "पण लागतं ना?" मी विचारलं. "लागतं की. बराबर लागतं." मी म्हटलं, "तुझंही तसंच होईल तिकडं." ती हसली, मला घट्ट मिठी मारली. गयाबाईनं रीमच्या ओंजळीत बोरं घातली. गाडी दौलताबाद रस्त्याला लागेपर्यंत आम्ही दोघी उभ्या होतो. मग मी आत जाऊन मनसोक्त रडले.

कितीतरी दिवस फोनवर नुसतंच 'सगळं बरं, थंडी लई' एवढंच यायचं. आवाज बारीक, विचारल्याशिवाय बोलणं नाही, आणि कुठलाच प्रश्न नाही. प्रश्न न विचारणारी सुमय्या म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे मला कळत होतं. वरच्या खोल्या मी भाड्यानं दिल्या नाहीत. ह्यांना सांगितलं, रंग द्यायचाय.

मग परवा सकाळी तिचा आवाज आला, मोबाइलवर रेकॉर्ड करून धाडलेला. पहिल्याच शब्दाला कळलं, की बाई ताळ्यावर आलीय. "काकू, ऐक! आज रीमला घेऊन प्राणी बघाया गेलो व्हतो. एका पिंजऱ्याम्होरं पाटी व्हती, मंगूस! आन् आत आपल्या प्लॉटातल्यावानीच त्वांड! म्या तिथल्या बाईला म्हणलं, हा शब्द तुमचा नाय, आमचा हाय. ती म्हणली, आमचा म्हंजी कुणाचा? तुमी कुठल्या? म्या म्हणलं, पडेगावच्या. पण मग मला वाटलं, आमचा म्हणलं तर तू न्हाईस त्यात. आन् तुमचा म्हणलं तर म्या न्हाई. अरबीत त्याला शब्द नाय, इंग्रजीत बी नाय. म्हणून मग म्या तिला मराठीतच सांगितलं, आपलं हाय ते, आपलं."

मी ते तीनदा ऐकलं. तेवढ्यात गल्लीत गयाबाईची आरोळी आली, तशी मी फोन घेऊन बाहेर पळाले आणि तिच्या कानाला लावला. तिनं गाडा थांबवून, तोंडाला पदर लावून शेवटपर्यंत ऐकलं. मग फोन माझ्या हातात देत म्हणाली, "व्हय मग. आपलंच हाय की." आणि मी न मागता पिशवीत भेंडी टाकायला लागली.