कुलूपबंद खिचडी

आधीच सांगतो, मी भुताखेतांच्या भानगडीत पडणारा माणूस नाही. देवावर विश्वास आहे, दर रविवारी चर्चला जातो. पण "अमक्याला स्वप्न पडलं, तमक्याच्या खांद्यावर कुणी हात ठेवला" असलं कुणी सुरू केलं की मी चहाच्या निमित्तानं उठतो. रांजणगावच्या एमआयडीसीत नऊ वर्षं क्वालिटीला आहे. मोजल्याशिवाय मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. म्हणून तर हे लिहायला एवढे महिने लागले... लोक हसतील. हसा बापडे, मला काय!

मी सामवेल. राहतो कारेगावला, पण आमचं चर्च इनामगावच्या बाहेर, घोड नदीकडं उतरणाऱ्या रस्त्यावर आहे. पत्र्याचा हॉल आणि मागं सामानाची खोली. खोलीला एक दार, एक खिडकी, खिडकीला गज आणि वरून डासांची जाळी. कुलपाची किल्ली एकच, ती माझ्याकडं. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं तुम्ही शंका काढणार.

आमच्या मंडळीत योसेफआप्पा सगळ्यात वडीलधारे. त्यांची बायको, आमच्या मार्थाकाकू, गेल्या आणि आप्पांनी जेवण सोडलं. रुसून नाही, रडून नाही... नुसतं "भूक न्हाई" म्हणायचे आणि भिंतीकडं तोंड करायचे. सून मंगल बिचारी काय काय करून थकली. मटण केलं, पिठलं केलं, दुधात पाव कुस्करून दिला. अकरा दिवस पाणी आणि अर्धा कप चहा. उठवून बसवायला दोन माणसं लागायची. शिरूरच्या डॉक्टरांनी सांगितलं — सोमवारपर्यंत खाल्लं नाही तर ॲडमिट करा, नळी घालू, पण या वयात किती सोसेल सांगता येत नाही. मला लहानपणी सायकल शिकवली ती आप्पांनी. माझे वडील लवकर गेले, त्यांच्यामागं हाच माणूस. सरळ सांगतो, मला भीती वाटत होती.

पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पास्टरांनी, गुरुवारी उपवास-प्रार्थना ठेवली. गुरुवार अशासाठी, की आमच्या कंपनीला तेव्हा सुट्टी. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, पाण्याशिवाय पोटात काही नाही, मोबाईल बंद करून टोपलीत. थोडक्यात, आप्पांनी जेवावं म्हणून आम्ही साठ जणांनी उपाशी राहायचं!

मी बायकोला, सुनीताला, म्हटलं, "त्यापेक्षा साठ जण आप्पांसमोर बसून जेवलो असतो तर त्यांना भूक तरी लागली असती."

ती म्हणाली, "तुम्हाला उपास झेपत नाही ते सरळ सांगा की."

तेही खरंच होतं म्हणा.

साडेअकराला पहिली प्रार्थना संपत आली आणि बाहेर लुना थांबली. शेजारच्या मळ्यातले बबनआबा. झेंडू करतात, माणूस सोन्यासारखा. लुनावर पुढं भलं मोठं पातेलं, तोंडाला फडकं बांधलेलं.

"पाळकसाहेब, योसेफआप्पासाठी समद्यांनी उपास धरलाय म्हणं. लई चांगलं केलं बघा! गुरवार आमचाबी असतोय. म्हणलं, येवढ्या मान्सांच्या फराळाचं कोण बघनार? म्हणून आमच्या घरच्यांनी साबुदान्याची खिचडी केलीया. गरम हाय तवर घ्या."

आता बोला! आबांच्या घरी उपास म्हणजे खिचडी, रताळी, वेफर्स. आमच्यात उपास म्हणजे शून्य. हे त्या माणसाला दारात उभं राहून कसं समजावणार? पाळकसाहेबांनी दोन्ही हात जोडले.

"आबा, फार उपकार झाले. आम्ही... जरा उशिरानं घेतो."

"घ्या की सावकाश. पन लई गार करू नका, चिकाट व्हती," असं बजावून आबा गेले.

पातेलं मी आणि पाळकसाहेबांनी आत नेलं. फडकं सोडून एकदा बघितलं. काठोकाठ भरलेली, वरनं खोबरं-कोथिंबीर पेरलेली. पाळकसाहेबांनी एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाले, "सामवेल, कुलूप लाव. लवकर."

कुलूप लावलं, पण वासाला कुलूप कुठून लावणार? साजूक तूप, जिरं, भाजलेलं कूट... पंखा तो वास रांगेरांगेनं वाटत होता. पाळकसाहेब नेमके मोहाचा सामना कसा करावा यावर बोलत होते. पाऊण वाजता त्यांच्या पोटातला गुरगुराट माईकमधून साठ जणांनी ऐकला. कुणी हसलं नाही. हसायला ताकद लागते.

एकच्या सुमाराला मला सतरंजी आणायला पाठवलं. आणि इथं मला एक कबुली द्यायची आहे. मी खोलीत गेलो, आतून कडी लावली, पातेल्याजवळ बसलो... आणि कडेची चमचाभर खिचडी तोंडात टाकली. मग अजून एक चमचा. बस्स, दोन! तेवढ्यात आप्पांचा चेहरा डोळ्यांपुढं आला आणि मला माझीच लाज वाटली. तिथंच बसून मी जशी प्रार्थना केली तशी आयुष्यात परत झाली नाही. "देवा, माझं चुकलं, पण त्याचा राग आप्पांवर काढू नकोस." कडेची जागा चमच्यानं सारखी केली, फडकं आवळलं, कुलूप लावून बाहेर आलो. वीस मिनिटं गेली असतील.

"कुठं होतात?" सुनीता कुजबुजली.

"सतरंजी सापडत नव्हती."

पाच वाजता शेवटचं आमेन झालं आणि मंगल धापा टाकत आत आली. घर तिथून दोन किलोमीटर. मोबाईल सगळ्यांचे बंद, आप्पांना एकटं टाकता येईना, म्हणून नवरा कामावरून येईपर्यंत थांबलेली. एकाच वेळी रडत होती आणि हसत होती.

"आप्पा जेवलं! कुनी दिली वो खिचडी? दीड वाजता मी दारातच भांडी घासत व्हते, आत आले तर आप्पा आपलं आपन उठून बसल्यालं आन् बोटं चाटत व्हतं!"

तिच्या हातात रिकामं ताट होतं. स्टीलचं, काठावर नाव कोरलेलं — मार्थाबाई. असली बारा ताटं काकूंनी चर्चला दिली होती. ती त्याच कुलपातल्या खोलीत असतात. मी दार उघडलं. ताटं मोजली... अकरा. पातेल्याचं फडकं सोडलं. गाठ माझीच होती. आणि बरोब्बर मधोमध, ताटभर खिचडी गायब!

सगळे माझ्याकडं बघायला लागले. किल्ली माझ्याकडं. वीस मिनिटं मी गायब. ताट वाढून मोटरसायकलवर जाऊन-येऊन तेवढीच लागतात. पाळकसाहेबांनी मला मिठी मारली. "उपाशीपोटी गुपचूप सेवा केलीस रे!" म्हाताऱ्या बायका माझी दृष्ट काढून कानशिलावर कडाकडा बोटं मोडायला लागल्या. मी "अहो, मी नाही" म्हणत होतो, पण ऐकतंय कोण?

रविवारी तर कहरच झाला. पाळकसाहेबांनी मला साक्ष द्यायला पुढं बोलावलं. मी तीन रात्री झोपलो नव्हतो. आप्पा चक्क पहिल्या रांगेत, काठी घेऊन बसलेले! त्यांच्यासमोर खोटं श्रेय घ्यायचं? माझ्या जिवाला ते परवडणारं नव्हतं. बोलून टाकलं.

"मी ताट नेलं नाही. मी तेव्हा खोलीत कडी लावून खिचडी खात होतो. दोन चमचे."

मग पाळकसाहेब गहिवरून म्हणाले, "बघा, चांगलं काम झाकायला माणूस स्वतःची बदनामी करून घेतोय!" आणि टाळ्या. अहो, टाळ्या! एकट्या सुनीतानं टाळी वाजवली नाही. मी खिचडी खाल्ली हे तिला लगेच पटलं.

मी माझ्या परीनं सगळं तपासलं. खिडकीची जाळी शाबूत. दुसरी किल्ली नाही. बबनआबांना विचारलं तर म्हणाले, "आमी कशापायी पाठवू? समदं पातेलं तुमच्याकडंच व्हतं की." मंगलच्या घराला एकच दार, ती दारातच बसलेली. कंपनीत रिजेक्ट झालेल्या पार्टचं कारण काढल्याशिवाय मी फाईल बंद करत नाही, पण ही फाईल उघडीच आहे.

राहता राहिले आप्पा. ते आता दोन वेळा भाकरी खातात, वर लोणचं मागतात. महिनाभर मी विचारायचं टाळलं... उत्तराचीच भीती वाटत होती. मग एका दुपारी ते जेवत असताना धीर केला.

"आप्पा, खरं सांगा. त्या दिवशी ताट कुणी आणून दिलं?"

आप्पांनी घास चावून गिळला, पाणी घेतलं आणि माझ्याकडं येड्याकडं बघावं तसं बघितलं.

"कुनाला ठावं? लेका, अकरा दिसांची भूक लागली व्हती. मी वर बघितलंच न्हाई."